शास्ता डेझी मान टाकते, लोळते, मधूनच मरते : काय बघायचं आणि कुठल्या क्रमानं

"ताई, डेझीनं मान टाकली ओ. सकाळी पाणी घातलं, दुपारी परत घातलं, आता संध्याकाळी पण घालू का?" फेब्रुवारी लागला की असला एक तरी फोन येतोच आणि माझं उत्तर पण ठरलेलं, नका घालू, मी येते बघायला तोवर झारी लांब ठेवा. आमच्या गल्लीत मला डेझीवाली ताई म्हणतात, त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती देव जाणे, पण हे सगळं मेलेल्या रोपांवर शिकलेलं आहे. पहिल्या तीन वर्षांत माझ्याच दारातली वीसेक रोपं गेली आणि दरवेळी मी ऊन जास्त झालं असं म्हणून गप्प बसले.

आम्ही सांगलीत विश्रामबागेकडं राहतो, काळी माती, कंपाउंडच्या कडेनं लांबडा वाफा, ऊन भरपूर. मी म्हणतेय ती उंच शास्ता डेझी, तळहाताएवढं पांढरं फूल, मधे पिवळी टिकली, देठ अडीच-तीन फूट. बाजारात गुच्छात भरायला बारीक फुलांची डेझी मिळते ती ॲस्टर, तिचं गणित वेगळं, तिला हे लावू नका.

आधी लक्षणं

झाड पडलं, एवढंच सगळे सांगतात. पण पडण्या-पडण्यात फरक आहे आणि तो नाही ओळखला तर एका दुखण्यावर दुसऱ्याचं औषध होतं.

दुपारी एक ते चार पानं मलूल आणि संध्याकाळी परत ताठ, हा आजारच नाही. मार्चच्या उन्हात मुळं जेवढं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त पानांतून उडतं, झाड तात्पुरतं मान टाकतं, माणूस पण त्यावेळी आडवाच होतो की.

सकाळी सातला सुद्धा मान खाली, माती ओली, खालची पानं पिवळी-काळपट, आणि हलकं ओढलं तर कोंब हातात येतो, ही कूज. सगळ्यात वाईट आणि आमच्याकडं सगळ्यात जास्त दिसणारी.

झाड हिरवंगार, पानं टवटवीत, पण देठ आडवे आणि फुलं चिखलात, हे नुसतं लोळणं. झाड निरोगी आहे, त्याला उभं राहता येत नाहीये इतकंच.

मधे टक्कल आणि कडेनं गोल कोंब, म्हणजे गड्डा, पानं-कोंब निघतात ते बूड, म्हातारा झाला.

एका बाजूचा भाग अचानक वाळला, बुडाशी कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती जमिनीतली बुरशी, भुईमूग-सोयाबीनवाल्यांना बरोबर माहीत असते. हे दिसलं तर मधलं सगळं सोडून शेवटचा भाग वाचा.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, किंवा कळ्या वाकड्या, चिकट आणि मुंग्यांची रांग, ही दोन किरकोळ दुखणी, मधे थोडक्यात सांगते.

आणि डिसेंबर आला तरी कळी नाही म्हणून घाबरून फोन करू नका. ही मोठ्या दिवसाची फुलझाडं आहेत. आपल्याकडं डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, जूनपर्यंत तो १३ तासांवर जातो, दिवस वाढायला लागला की ती कळीवर येतात. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात बी टाकलं तर माझ्याकडं फेब्रुवारी ते एप्रिल फुलं असतात, त्याआधी झाड नुसती पानं करत बसतं, बसू दे.

फुकटातल्या तपासण्या, ह्या सोडून पुढं जायचं नाही

पहिली म्हणजे नुसतं बघणं. एकदा दुपारी तीनला आणि एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, मधे पाण्याचा थेंब न घालता. सकाळी ताठ असेल तर विषय संपला, चहा प्या. ही तपासणी महत्त्वाची अशासाठी की दुपारची मलूल पानं बघून जो माणूस पाणी घालत सुटतो तोच निरोगी झाडाला पंधरा दिवसांत कूज लावतो. मी तेच करत होते.

दुसरी, बोट. झाडाच्या बुडापासून चार बोटं लांब, दोन पेरं आत घालायचं. वरून काळी माती वाळून भेगाळलेली असते आणि आत चिखल, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. त्या फोनवाल्या काकूंच्या वाफ्यात बोट घातलं तर काढताना पचक असा आवाज आला आणि बोटाला माती श्रीखंडासारखी चिकटून आली. काकू म्हणाल्या, "अगं पण वरनं तर भेगा पडल्यात!" पडणारच की, काळी माती वरून आधी वाळते. शेतकऱ्याच्या पोरीला वाफसा काय ते सांगायला लागत नाही पण बंगल्यात राहायला आलो की आपण विसरतो बहुतेक. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचला की फुटावा, तो वाफसा, आणि तो आल्याशिवाय पुढचं पाणी नाही. थंडीत आमच्याकडं सहा-सात दिवस पाणी लागत नाही, मार्चमध्ये तीन-चार दिवसांनी लागतं, पण ते बोटाला विचारून, कॅलेंडरला नाही.

तिसरी, ऊन मोजणं. मला ह्यात चांगलाच फटका बसलाय म्हणून जरा सविस्तर. वाफ्याची जागा मी मे महिन्यात ठरवली, तेव्हा तिथं दिवसभर रणरणतं ऊन होतं. पण सांगलीत मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावली दिवस म्हणून पोरं शाळेत बाटली उभी करून बघतात तेच, तेव्हा भिंतीला सावलीच नसते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि पाच फुटी भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेकडं चार फुटांच्या वर पडते, आणि माझा वाफा होता भिंतीच्या उत्तरेला, तीन फूट रुंद. झाडं सगळी थंडीभर सावलीत वाढली, उजेडाकडं माना काढून लांबुडकी झाली आणि फुलाचं वजन आल्यावर सगळी एकाच दिशेला, भिंतीकडं पाठ करून झोपली. तुमची झाडं सगळी एकाच बाजूला लोळत असतील तर आधी सावली बघा. डिसेंबर-जानेवारीतल्या एका रविवारी नऊ, बारा आणि तीनला जाऊन ऊन कुठं आहे ते खडूनं भिंतीवर लिहून ठेवायचं, बास. सहा तास थेट ऊन नसेल तर उंच जात त्या जागी लावायचीच नाही, तिथं स्नो लेडीसारखी बुटकी लावा, ती फुटभरच वाढते, पडून पडणार किती.

भरणी, आळं आणि चमचा

ही चौथी तपासणी, खर्च शून्य, फक्त स्वयंपाकघरातला जुना चमचा लागतो, आणि दहातली सात झाडं मला इथंच सापडतात.

आपल्या भागात उसाला भरणी केली की ऊस पडत नाही हे लहानपणापासून डोक्यात बसलंय. मग डेझी लोळली की माणूस काय करतो? खुरपं घेतो आणि बुडाला मातीचा ढीग लावतो, वर पायानं दाबतो. झाड दोन दिवस उभं राहतं, माणूस खूश. उसाच्या कांडीला जमिनीत मुळ्या फुटतात, त्याला भरणी मानवते. डेझीचा गड्डा म्हणजे जिथून पानं आणि कोंब निघतात ती जागा, तिला हवा लागते, ती मातीखाली गाडली की ओल धरते आणि मऊ पडते. म्हणजे साध्या लोळण्यावर केलेला उपाय हीच कूज होते, वर झाड मान टाकतं म्हणून आणखी पाणी. निम्मी झाडं अशी औषधानं मरतात.

दुसरा दोषी आळं. नारळाला, गुलाबाला, जास्वंदीला आळं करायची आपल्याला सवय, तसंच डेझीला पण वाटीसारखं आळं करून काठोकाठ पाणी भरायचं. म्हणजे गड्डा रोज अर्धा तास पाण्यात बसला.

तर चमचा घ्या आणि बुडाजवळची माती हळूहळू बाजूला करा, पानांचे देठ जिथं एकत्र येतात तिथपर्यंत. गड्डा मातीच्या बरोबरीनं किंवा अर्धा बोट वरच हवा. तिथं देठाचं बूड पांढरट-हिरवं आणि कडक लागलं तर वाचलात, उघडं ठेवा, आळं मोडा आणि उलटं करा म्हणजे झाडाशी उंच आणि बाहेर उतार, पाणी कडेच्या सरीतून द्या. बूड तपकिरी, बोटानं दाबलं की पिचतंय आणि नासक्या बटाट्यासारखा वास येतोय तर तो कोंब गेला. पण सगळा गड्डा गेला असं नाही, माझ्याकडं एका गड्ड्याचे नऊ कोंब कुजलेले निघाले आणि कडेचे चार चांगले होते, त्या चारांतून पुढच्या वर्षी अख्खी ओळ झाली.

पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पण बघा. पाचटाचं आच्छादन चांगलंच आहे, माती तापत नाही, पण ते गड्ड्याला चिकटवायचं नाही, चार बोटं रिंगण मोकळं सोडायचं, नाहीतर खाली गोगलगाय पण बसते आणि बुरशी पण.

खताचा हिशोब

हे विचारलं की सगळे म्हणतात, काही नाही हो, थोडंसंच घातलंय. मग हळूहळू बाहेर येतं. आमच्या समोरच्या अण्णांची तासगावकडं द्राक्षबाग आहे, त्यांनी प्रेमानं उरलेलं विद्राव्य खत आणून दिलं, वहिनींनी दर आठवड्याला ड्रममध्ये ढवळून घातलं, वरनं साखर कारखान्याची मळी, वरनं ताजं शेण. डेझी साडेतीन फूट गेली, देठ अंगठ्याएवढे जाड, आणि फुलं यायच्या आधीच पहिल्या वाऱ्याला भुईसपाट. नत्र जास्त झालं की झाड भराभर वाढतं पण देठ पाणीदार, मऊ राहतो, आणि असल्या कोवळ्या शेंड्यांवर मावा पण आधी येतो. लागवडीच्या वेळी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन ओंजळी आणि कळ्या दिसायला लागल्यावर एकदा हलकंसं, एवढं काळ्या मातीत खूप झालं. युरियाचं नाव नको. जे आधीच घालून बसलेत त्यांनी खत बंद करायचं आणि आधार द्यायचा, उलटा उपाय नाही.

माव्याला पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस सकाळी, नाही गेला तर निंबोळी तेल लिटरला ५ मिली आणि साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी. पिवळ्या पानांचं म्हणाल तर आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही, द्राक्षवाल्यांना हे रोजचं आहे, कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मागा, पाकिटावरच्या मापानं. पण आधी बोटाची तपासणी, कारण पाणी साचलेल्या मातीत पण पानं अशीच पिवळी पडतात आणि तिथं लोह घालून काही होत नाही.

पन्नास-शंभर रुपयांतला उपाय

निरोगी झाड लोळत असेल तर आधार. फक्त लोळल्यावर नाही, आधी. झाड वीतभर झालं की चारी बाजूंनी बांबूच्या कामट्या रोवायच्या आणि सुतळीचे दोन फेरे, एक वीतभर उंचीवर, एक दीड फुटावर, मधे एक फुली. झाड त्याच्यातून वाढतं आणि महिन्यात सुतळी दिसत पण नाही. लोळल्यावर गोळा करून मधोमध एका काठीला बांधलं की केरसुणी दिसते आणि वाकलेले देठ सरळ होत नाहीत ते नाहीतच, शेंडे तेवढे वर वळतात, हंसाची मान. कोणाची द्राक्षबाग असेल तर जुन्या तारेचे तुकडे मागून घ्या, त्याचं गोल कडं करून तीन कामट्यांवर ठेवलं की पाच वर्षं बघायला लागत नाही.

उंची कमी पाहिजे तर जानेवारीच्या सुरुवातीला वर निघालेले देठ एकदा निम्मे खुडायचे. फुलं दोन-तीन आठवडे उशिरा येतात, थोडी लहान येतात, पण झाड फुटवे धरतं आणि स्वतःच्या पायावर उभं राहतं. मी निम्मी खुडते, निम्मी तशीच ठेवते, म्हणजे फुलं पण जास्त दिवस चालतात. आमच्या ह्यांना ते खुडणं बघवत नाही, ते त्या दिवशी बाजारात जातात.

बियांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते पण बघा. अलास्का बियांपासून येते आणि ती उंच आणि लोळकीच, तिला आधार धरूनच चालायचं. बेकी नावाची जात देठानं मजबूत आहे खरी पण ती काश्यांपासूनच, म्हणजे गड्ड्यातून मुळांसकट सुट्या केलेल्या कोंबांपासूनच, खरी येते, त्यामुळं कोणी बेकीचं बी म्हणून विकत असेल तर पैसे जपून.

पाणी जातं की साचतं

आता थोडं कष्टाचं. वाफ्यात एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या, बादलीभर पाणी ओता, ते पूर्ण जिरू दे. मग परत भरा आणि आता काठी उभी करून खूण करा, तासात किती उतरतं बघा. दोनदा भरायचं कारण म्हणजे काळ्या मातीत पहिलं पाणी भेगांतून सटकन जातं आणि माणसाला वाटतं निचरा झकास आहे, माती फुगून भेगा मिटल्या की खरं काय ते कळतं. तासाला इंच-दोन इंच उतरलं तर ठीक. माझ्या वाफ्यात सकाळी दहाचं पाणी रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन बघितलं तर तसंच होतं, त्यात बेडूक.

आणि इथंच मला ते कोडं सुटलं. माझी आत्या पाचगणीला, तिच्या दारात डेझी वर्षानुवर्षं टिकते, पहिली रोपं मी तिच्याकडूनच आणली. तिकडं पाऊस केवढा! वरती महाबळेश्वरला तर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, आमच्या सांगलीत पाचशे-सहाशे. मग तिथं कुजत नाही आणि इथं कुजतं कसं? मी आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, आमच्याकडं पडतं आणि निघून जातं. तुमच्याकडं मुक्कामाला राहतं." लाल माती, डोंगरउतार, गारवा. थंड हवेच्या ठिकाणाहून स्ट्रॉबेरीच्या खोक्याबरोबर रोपं आणून इथल्या काळ्या सपाट मातीत लावायची आणि मग नर्सरीवाल्याला शिव्या घालायच्या, हा आमच्या गल्लीचा वार्षिक कार्यक्रम आहे.

मुळात ह्या झाडाचं खानदानच तसं. कॅलिफोर्नियातल्या ल्यूथर बरबँकनं युरोपातल्या तीन आणि जपानची एक अशा चार रानटी डेझींचा बरीच वर्षं संकर करून ही तयार केली, १९०१ मध्ये बाजारात आणली आणि तिकडच्याच माउंट शास्ता ह्या बर्फाच्या डोंगराचं नाव दिलं. त्यातल्या कुणाच्याच आजी-आजोबांनी गरम चिखल बघितलेला नाही. म्हणून आपल्याकडं ही थंडीची पाहुणी, जून ते सप्टेंबर तिला वाफ्यात ठेवायचा हट्ट मी सोडला. जूनच्या सुरुवातीला चांगल्या काश्या काढून सहा इंची कुंड्यांत लावते आणि वळचणीला ठेवते, पावसाची झड लागणार नाही अशा, ऑक्टोबरात परत जमिनीत. मे महिन्यात पण त्यांना दुपारची सावली लागतेच, चाळिशीचं ऊन त्यांना झेपत नाही.

उपटून बघणं आणि गादी वाफा

इतकं करून पण सुधारणा नसेल तर सगळ्यात वाईट दिसणारं एक झाड मातीसकट उपटा. एकच. मुळं पांढरट, कडक, माती धरून ठेवणारी असतील तर दोष जमिनीच्या वर आहे, परत ऊन आणि खत बघा. तपकिरी, बुळबुळीत आणि ओढलं की साल हातात येऊन आत दोरा राहत असेल तर मूळकूज. मुळांवर मण्यासारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे जमिनीतले बारीक किडे, टोमॅटो-वांग्याच्या जुन्या जागेत हमखास. देठ बुडाशी आडवा कापा, आत तपकिरी कडं दिसलं तर मर रोग, त्यावर घरगुती काही नाही.

नुसती कूज असेल तर गादी वाफा करा. हळदवाल्यांना सांगायला नको, कंदकूज ज्यानं एकदा बघितली तो सपाट जमिनीवर परत हळद लावत नाही. रुंदी तीन फूट, उंची फूटभर, खालची जमीन पण वीतभर टिकावानं मोकळी करायची नाहीतर वरची माती चांगली आणि खाली पाणी धरणारी परात. दोन भाग हीच माती, एक भाग बारीक लाल मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. दोन घमेली वाळू टाकली की झालं असं कोणी सांगेल, काळ्या मातीत तेवढ्या वाळूनं काही होत नाही, उंची जास्त कामाला येते. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून आठवडाभर ओलसर, सावलीत झाकून ठेवा आणि मग वाफ्यात घाला, मात्र त्यावर लगेच तांब्याचं बुरशीनाशक ओतू नका, आपणच सोडलेली चांगली बुरशी आपणच मारतो.

म्हातारे गड्डे ह्याच वेळी फोडायचे. मधला लाकडी भाग फेकायचा, कडेच्या काश्या मुळांसकट सुट्या करायच्या, दीड फुटावर एक. दर दोन वर्षांनी. जीव तुटतो पण मधलं टक्कल कधीच भरून येत नाही.

इथं थांबा, माणूस बोलवा

वाफ्याचा एकच कोपरा सारखा ओला, तुम्ही पाणी घातलं नसतानाही, तर बागेतलं काही करू नका, प्लंबर बोलवा. मी एका कोपऱ्यात दोन हंगाम सलग रोपं मारली, माती बदलली, ट्रायकोडर्मा घातलं, शेवटी प्लंबरनं टिकाव मारला तर बाथरूमची पाइप जॉइंटला गळत होती, साबणाच्या पाण्यासकट. दुरुस्तीला जेवढे पैसे गेले त्याच्या दुप्पट मी रोपांवर घालवले होते. शौचालयाच्या टाकीजवळची ओल असेल तर स्वतः खणायचं नाहीच.

पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर ते झाड आजूबाजूच्या मातीसकट पिशवीत भरून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये अजिबात नाही, ते दाणे जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. एकच झाड असेल तर तेवढी जागा मोकळी ठेवा आणि एप्रिल-मेमध्ये माती ओली करून पारदर्शक प्लास्टिक पाच-सहा आठवडे घट्ट अंथरा, आपल्या उन्हाचा हा एक फायदा. पण शेजारची झाडं जायला लागली, किंवा गाठी निघाल्या, किंवा देठात तपकिरी कडं दिसलं, तर पुढचा प्रयोग नको. कृषी खात्याच्या माणसाला दाखवा नाहीतर कृषी महाविद्यालयाच्या रोगशास्त्र विभागात नमुना न्या, आपल्याला कोल्हापूरचं जवळ. अण्णांकडचं द्राक्षाचं उरलेलं औषध मारून बघू असं करायचं नाही, कुठल्या बुरशीवर काय ते माहीत नसताना मारलं तर झाड पण जातं आणि दारात खेळणारी पोरं त्याच मातीत हात घालतात.

आणि झाडं मरत नाहीत पण कडा करपतात, मातीवर पांढरं मीठ फुलतं, काही लावलं तरी खुरटं राहतं, तर माती आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासून घ्या, क्षार आणि सामू, म्हणजे पीएच. मिरज-वाळव्याकडं अति पाण्यानं क्षारपड झालेल्या जमिनी आपण बघतोच, बंगल्याच्या प्लॉटखाली तीच जमीन असू शकते. रिपोर्ट वाईट आला तर डेझी कुंडीत लावा, जमिनीचं काम मोठं आहे, त्याला जाणकारच लागतो.

नमुना नेताना अख्खं झाड, मुळं आणि भोवतीची मूठभर माती, वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी. प्लास्टिकच्या पिशवीत नको, घाम सुटून दुसरीच बुरशी वर येते. नेण्याआधी आठ दिवस काही फवारू नका, आणि अगदी मेलेलं नेऊ नका, निम्मं मेलेलं न्या. मी पहिल्यांदा वाळून कोळ झालेलं झाड नेलं होतं, तिथले सर म्हणाले, "ताई, पेशंट आणा, अस्थी नको."